कॅनडाचं स्टडी परमिट: वागळे इस्टेटपासून नूतनीकरणापर्यंत

ऑफर लेटर आलं की घरात पेढे वाटले जातात आणि परमिटचं काम एजंटकडे सोपवून सगळे निर्धास्त होतात. एजंट घ्यायला हरकत नाही, पण अर्जातली प्रत्येक ओळ विद्यार्थ्याने स्वतः वाचलेली असायलाच हवी. चुकीची किंवा खोटी माहिती गेली तर पाच वर्षांची बंदी विद्यार्थ्यावर येते. ऑनलाइन अर्जाच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड एजंट स्वतःकडे ठेवत असेल तर तिथेच थांबा. पैसे घेऊन प्रतिनिधित्व करणारा माणूस कॅनडातला वकील किंवा परवानाधारक सल्लागार असावा लागतो, आणि त्याचं नाव आयएमएम ५४७६ या फॉर्मवर येतं. नाव द्यायला जो तयार नाही, त्याच्या हाती अर्ज देऊ नका.

सुरुवात पासपोर्टपासून करा. परमिट साधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ अधिक ९० दिवस असं मिळतं, पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर परमिटही त्याच तारखेला संपतं. शाळेत असताना काढलेले पासपोर्ट पाच वर्षांचे असतात आणि नेमके पदवीच्या आसपास संपत येतात. तेव्हा अर्जाआधी ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरण करून घ्या. नाहीतर दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी चौदा महिन्यांचं परमिट हातात पडतं आणि तिकडे गेल्यावर परमिटच्या नूतनीकरणासाठी दुसऱ्यांदा फी भरावी लागते.

नावाचा गोंधळ तर आपल्याकडे हमखास होतो. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. बँकेत आद्याक्षरं. कॅनडाच्या विद्यापीठाकडे अर्ज करतानाच नाव पासपोर्टप्रमाणे टाका, म्हणजे प्रवेशपत्रावरही तेच येईल. बाकी कागदांवरचा फरक एका छोट्या प्रतिज्ञापत्रात लिहून जोडा. कलिन्याहून ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ जातो, म्हणून जास्तीच्या प्रती एकदमच मागवा.

प्रवेशपत्र मिळालं म्हणजे अर्जाची तयारी झाली असं नाही. संस्थेचा डीएलआय क्रमांक, म्हणजे परदेशी विद्यार्थी घ्यायची मान्यता असल्याचा क्रमांक, तपासा. बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण २०२३ मध्ये गाजलं, आणि १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक पत्राची संस्थेकडून खातरजमा केली जाते. संस्थेने मुदतीत होकार दिला नाही तर अर्ज तसाच परत येतो. मग येतं प्रांताच्या कोट्यात तुमची जागा असल्याचं प्रांताचं पत्र, ज्याला सगळे 'पॅल' म्हणतात. २२ जानेवारी २०२४ पासून ते लागू झालं. १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठांत मास्टर्स किंवा पीएचडीला जाणाऱ्यांना पॅल लागत नाही. मात्र पीजी डिप्लोमा, पदवी आणि खाजगी संस्था यांना लागतंच. 'पीजी' आणि 'मास्टर्स' एकच समजून पॅलशिवाय अर्ज करणारे पुष्कळ आहेत. पॅल आवश्यक असताना जोडलं नाही तर अर्ज प्रक्रियेलाच घेतला जात नाही.

जुने लेख वाचून एसडीएसच्या, म्हणजे अर्ज लवकर निकाली काढणाऱ्या योजनेच्या, वाटेने जायचा बेत करू नका. ती योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली. आता सगळे अर्ज एकाच रांगेत आहेत.

पैशांचा भाग सर्वात जास्त वेळ घेतो आणि पुष्कळ नकार तिथूनच निघतात. १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याने, क्यूबेक प्रांत सोडून, राहण्याखाण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवायचे असतात. पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च त्याच्या वर. फी १८,००० असेल तर बेरीज ४०,८९५ अधिक विमानभाडं. फी भरून टाकली असेल तर पावती जोडा, तेवढी रक्कम वजा होते. एसडीएस गेलं तरी जीआयसीचा, म्हणजे कॅनडातल्या बँकेत ठेवलेल्या ठेवीचा, पुरावा चालतो आणि तो अधिकाऱ्याला लगेच समजतो, म्हणून शक्य असेल तर तोच घ्यावा. शैक्षणिक कर्ज असेल तर अंतिम मंजुरीपत्र जोडा. 'तत्त्वतः मंजूर' असं पत्र कमकुवत ठरतं.

घराचं मूल्यांकन पुढे करून फंड दाखवण्याची आपल्याकडची सवय इथे उपयोगी पडत नाही. नेरूळच्या सिडकोच्या घराची किंमत सीए सर्टिफिकेटमध्ये कितीही लिहिली, तरी ते घर विकून फी भरणार नाही हे अधिकाऱ्याला कळतं. घर, गावची जमीन हे मुळं इथे असल्याचे पुरावे म्हणून जोडा; खर्चाचा पुरावा म्हणून खात्यातले पैसे, एफडी, कर्ज हेच धरा. सीए सर्टिफिकेटवर यूडीआयएन, म्हणजे ते खरं आहे का हे तपासता येणारा क्रमांक, आहे ना, ते बघून घ्या.

बँकेचे चार महिन्यांचे स्टेटमेंट मागतात. त्यात अचानक दहा लाख जमा झालेले दिसले आणि खुलासा नसला, तर पैसे उसने आणलेत असाच अर्थ निघतो. एफडी मोडली असेल तर एफडीची पावती, जागा विकली असेल तर खरेदीखत, मामांनी दिले असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट. खरेदीखत, सातबारा असे मराठी कागद असतील तर इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित प्रत अशा तिन्ही गोष्टी द्या. भाषांतर नातेवाइकाने केलेलं चालत नाही, मग काकू इंग्रजीच्या प्राध्यापिका का असेनात.

पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) दहा लाखांच्या वर रक्कम गेली की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. ठरावीक वित्तसंस्थांकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून गेली तर कापत नाही. कापलेली रक्कम ज्याच्या पॅनवर पैसे गेले त्याच्या विवरणपत्रात परत मागता येते, त्यामुळे आईच्या खात्यातून पाठवून वडिलांच्या रिटर्नमध्ये शोधत बसू नका.

आता एसओपी, म्हणजे शिकायला का जायचंय हे सांगणारं निवेदन. एकच साचा शंभर विद्यार्थ्यांना वाटला जातो, आणि तो साचा अधिकाऱ्यांनीही शंभरदा वाचलेला असतो. कॅनडाच्या निसर्गाचं आणि बहुसांस्कृतिकतेचं वर्णन पूर्ण काढून टाका. हा अभ्यासक्रम, याच वेळी, एवढे पैसे घालून का, याचं उत्तर हवं. समजा मेकॅनिकल झाल्यावर रबाळ्याच्या कारखान्यात दोन वर्षं खरेदी विभागात काम केलं आणि आता सप्लाय चेनला जायचंय. मग त्या कामात कुठे अडायला झालं, अभ्यासक्रमातले कोणते विषय ते भरून काढतात आणि परत आल्यावर न्हावा शेवाच्या बंदराभोवतीच्या कंपन्यांत कोणत्या पदासाठी ते लागतं, एवढं दीड पानात बसतं. मास्टर्स झालेला मुलगा पुन्हा डिप्लोमाला जात असेल तर त्याचं कारण स्वतःहून लिहावं. शिक्षणात दोन वर्षांची पोकळी असेल तर तीही झाकू नये. आधी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर तो सांगायलाच हवा. लपवलेला नकार हीच खोटी माहिती ठरते.

अर्ज ऑनलाइन. परदेशातून अर्ज करताना मुख्य फॉर्म आयएमएम १२९४. प्रत्येक फाइल ४ एमबीच्या आत, म्हणून एका प्रकारचे कागद एका पीडीएफमध्ये जोडा. परमिटची फी १५० डॉलर, बायोमेट्रिकची (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५, दोन्ही एकदमच भरा. क्रेडिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा, आपल्याकडे ते मुळात बंद असतात. बायोमेट्रिकचं पत्र आलं की ३० दिवसांत मुंबईच्या व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रात जायचं. लग्नसराईत बोटांना मेंदी लावली असेल तर ती गेल्यावरचीच वेळ घ्या, ठसे उमटत नाहीत. बायोमेट्रिक दहा वर्षं चालतात. वैद्यकीय तपासणी कॅनडा सरकारच्या यादीतल्या डॉक्टरकडेच, आणि ती बारा महिने ग्राह्य असते. अर्जाआधी करून घेतली तर वेळ वाचतो.

मंजुरी झाली की पासपोर्ट मागवतात आणि त्यावर व्हिसाचा स्टिकर लागतो. पुढच्या सगळ्यासाठी इथे एक फरक पक्का समजून घ्या. स्टिकर हा देशात शिरण्याचा परवाना. परमिट हा तिथे राहून शिकण्याचा परवाना, आणि तो कागद कॅनडाच्या विमानतळावर मिळतो. त्यासाठी ऑनलाइन खात्यात आलेलं परिचयपत्र, प्रवेशपत्र आणि फंडाचे कागद हातातल्या बॅगेत हवेत. काउंटर सोडण्याआधी नाव, जन्मतारीख, संस्था, शेवटची तारीख वाचा, आणि काम करता येईल अशी ओळ आहे ना ते बघा. ती ओळ नसेल तर सिन, म्हणजे कॅनडात काम करण्यासाठी लागणारा क्रमांक, मिळत नाही. सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं. ही मर्यादा मोडली तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते आडवं येतं.

नूतनीकरणाचा अर्ज परमिट संपण्याच्या किमान ३० दिवस आधी करा असं सरकार सांगतं. तीन-चार महिने आधी केलेला बरा. फॉर्म आयएमएम ५७०९, फी पुन्हा १५०. सोबत नोंदणीचं पत्र, आजवरची ट्रान्सक्रिप्ट, आणि उरलेल्या काळाचा फंड. ट्रान्सक्रिप्टमध्ये एखादं सत्र रिकामं दिसलं तर अधिकारी प्रश्न विचारणारच. मंजूर रजा १५० दिवसांपर्यंत चालते, पण संस्थेचं पत्र लागतं. त्याच संस्थेत, त्याच स्तरावर शिकत असाल तर पॅल लागत नाही. संस्था बदलायची असेल तर नोव्हेंबर २०२४ पासून नवं परमिटच काढावं लागतं.

परमिट जिवंत असताना अर्ज गेला असेल तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर शिकता आणि काम करता येतं. पण हा आधार कॅनडात राहिलात तरच. गणपतीला घरी येऊन गेलात तर तो तुटतो. आणि परमिट वाढलं म्हणजे व्हिसा वाढला असं होत नाही. स्टिकर संपला असेल तर परतीच्या विमानात बसता येणार नाही, तो वेगळा अर्ज. सिनची तारीखही परमिटला बांधलेली असते, नवं परमिट आलं की तीही वाढवून घ्या. मुदत उलटलीच तर ९० दिवसांत स्टेटस पूर्ववत करण्याचा अर्ज करता येतो, जास्तीची फी भरून. तोवर वर्ग आणि काम दोन्ही बंद. सीमेपर्यंत जाऊन लगेच परत येत परमिट घ्यायची जुनी वाट २३ डिसेंबर २०२४ पासून बंद आहे.

शिक्षण संपल्यावर परमिट छापील तारखेपर्यंत चालतं असं धरू नका. शिक्षण पूर्ण झाल्याचं पहिलं लेखी कळलं की ९० दिवसांत ते संपतं, छापील तारीख पुढची असली तरी. पीजीडब्ल्यूपी, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याचं परमिट, त्याच्या अर्जासाठी १८० दिवस मिळतात. त्यासाठी विद्यापीठाच्या पदवीला सीएलबी, म्हणजे कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरच्या, ७ व्या पातळीची भाषा परीक्षा लागते, आणि त्यात आयइएल्टीएसची ॲकॅडमिक परीक्षा चालत नाही, जनरल हवी. प्रवेशासाठी दिलेली ॲकॅडमिकच असते, म्हणून शेवटच्या सत्रातच जनरलची तारीख घेऊन ठेवा. पीजीडब्ल्यूपीही पासपोर्टच्या तारखेपलीकडे मिळत नाही.