पंप ओरडत असेल तर आधी ब्रीदर (तेलाच्या टाकीत हवा आत-बाहेर जाऊ देणारी जाळी) बघा

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून फोन आला. मोल्डिंग लाइनचा पॉवरपॅक (तेलाची टाकी, पंप आणि मोटर यांचा संच) ओरडतोय, प्रेशर 160 बारपर्यंत चढत नाही. अ‍ॅक्सिअल पिस्टन पंप थोड्याच महिन्यांपूर्वी बदललेला, आणि पुढचा नवा पंप स्टोअरमधून निघालेलाही होता. तो चढवायची घाई मी थांबवली.

आवाज खडी भरडल्यासारखा होता, पण सतत नव्हता. सिलिंडर बाहेर जाताना वाढायचा, परतताना उतरायचा. साइट ग्लासमध्ये तेल स्वच्छ दिसत होतं, फेस अजिबात नाही. सक्शन लाइनमधून (पंप तेल ओढतो ती नळी) हवा ओढली जात असती तर तेल दुधाळ झालं असतं. तरी जॉइंटवर ग्रीस लावून पाहिलं, आवाजात फरक नाही. मग सक्शन पोर्टवर व्हॅक्यूम गेज लावला. सिलिंडर बाहेर जाताना काटा उणे 0.35 बारला जात होता. अशा पंपाला साधारण उणे 0.2 च्या पुढे नेऊ नये.

बहुतेक जण इथे टाकीतल्या सक्शन स्ट्रेनरवर (पंपाकडे जाणाऱ्या तेलाची गाळणी) बोट ठेवतात. पण स्ट्रेनर चोंदला असता तर काटा दोन्ही स्ट्रोकला तेवढाच राहिला असता. म्हणून फिलर कॅप सैल केली. हवा फस्सकन आत ओढली गेली, काटा उणे 0.12 वर आला आणि आवाज बसला. दोष ब्रीदरचा.

हिशेब साधा आहे. 90 मिमीचा रॉड 1200 मिमी बाहेर गेला की टाकीतलं तेल सुमारे साडेसात लिटरने कमी होतं, आणि तेवढी हवा ब्रीदरमधून आत यावी लागते. इथे साच्याच्या वाळूतली बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि दमट हवा यांनी जाळीवर अक्षरशः गिलावा झाला होता. मग टाकी मिळेल त्या फटीतून श्वास घेते: झाकणाचं गॅस्केट, केबल ग्लँड. तिथून वाळू थेट तेलात. जुना पंप उघडला तेव्हा दोन्ही पुरावे एकाच व्हॉल्व्ह प्लेटवर (पंपात तेलाची आत-बाहेर वाट ठरवणारी चकती) होते. सक्शनची खाच संपते तिथे कॅव्हिटेशनने (तेलातले बुडबुडे दाबाखाली फुटून) कुरतडलेले खड्डे आणि सगळीभर वाळूचे गोल चरे. पिस्टनचे शूसुद्धा (टोकाचे सरकते तळवे) सैल झाले होते, व्हॅक्यूममध्ये ते ओढले जातात.

अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी बाटली) रिकामा करून, मेन स्विचला कुलूप घालून टाकी उपसली. तळाशी गाळ होता. तो पुसायला बिनधाग्याचं कापड घेतलं. कॉटन वेस्टचे धागे स्ट्रेनरमध्ये जाऊन बसतात. गॅस्केट नवं, आणि जाळीच्या कॅपऐवजी 10 मायक्रॉनचा मोठा ब्रीदर, जमिनीपासून वर, धुळीच्या झोताबाहेर. व्हीजी 68 (घट्टपणाचा दर्जा) तेल नवंच होतं, पण बॅरलमधलं तेल स्वच्छ असतं असं मी धरत नाही. फिल्टर ट्रॉलीतूनच भरलं.

मगच नवा पंप चढवला. त्याच्या केसमध्ये (बाहेरच्या खोळीत) वरच्या ड्रेन पोर्टमधून, कडेपर्यंत तेल ओतलं. हे राहून गेलं तर कोरडा पंप पहिल्या मिनिटातच खराब होऊ शकतो. मग मोटर दोन-तीनदा क्षणभर चालू-बंद करून दिशा तपासली आणि लोड न देता दहा मिनिटं फिरवला. लोडवर गेजचा काटा उणे 0.12 च्या पुढे गेला नाही. ब्रीदर बदलण्याची तारीख मेंटेनन्सच्या तक्त्यात पंपाच्या ओळीतच लिहून घेतली.