ड्रॉपडाउनमध्ये नसलेला डेटाबेस

युनिव्हर्स या जुन्या डेटाबेसला पायथन ही प्रोग्रामिंग भाषा जोडायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ज्याने त्याने मला युनिव्हर्सच्या वयावरून घाबरवलं. "साठ वर्षांपूर्वीची भानगड आहे ती, कशाला गळ्यात घेतेस?" भानगड जुनी आहे, हे खरं. १९६५ च्या सुमारास टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीत डिक पिक आणि डॉन नेल्सन यांनी लष्कराच्या शायेन हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला एक प्रणाली बांधली. युनिव्हर्स, युनिडेटा, डी३, ओपनक्यूएम ही सगळी मंडळी तिच्याच वंशातली. आमचा क्लायंटही अमेरिकेतला आणि सुट्या भागांचाच घाऊक व्यापारी. त्यांच्या ऑर्डरी युनिव्हर्समध्ये आहेत, त्या पायथनने उचलून नव्या वेबसाइटला द्यायच्या, एवढंच काम. मी सांगलीत विश्रामबागेत घरी बसून करणार होते.

शिकणं, एडिटर लावणं, पहिला प्रोग्राम चालवणं, यातलं काही सांगण्यासारखं नाही. झालं ते. सांगायचंय ते एका फॉर्मबद्दल. अजून आठवला की डोकं फिरतं.

क्लायंटच्या सर्व्हरपर्यंत पोहोचायचं तर फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या भिंतीत, एक पोर्ट, म्हणजे नंबराचं दार, उघडून घ्यावं लागतं. युनिव्हर्सची बाहेरची जोडणी युनिआरपीसी नावाच्या सेवेतून होते आणि तिचं नेहमीचं पोर्ट ३१४३८. हे उघडून देणारं त्यांचं सिक्युरिटी डेस्क वेगळं, त्याचा फॉर्म वेगळा. फॉर्ममधला पहिलाच प्रश्न : डेटाबेस कोणता? खाली ड्रॉपडाउन. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस. संपलं. "इतर" नाही. रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकत नाही.

मी डेस्कला विचारलं. उत्तर आलं, "सर्वात जवळचा निवडा." आता जवळचा कुठला? मिरजेला जायचंय आणि यादीत पुणे, मुंबई, नागपूर एवढंच दिलंय, तर मी काय निवडू? ओरॅकल निवडला, शेरा लिहायच्या जागेत युनिव्हर्स, आवृत्ती, पोर्ट ३१४३८ सगळं स्वच्छ लिहिलं आणि पाठवला. तिकडून मंजुरी आली. मी खुशीत जोडणी करून बघितली, तर भिंत. चौकशीअंती कळलं की कुणीतरी फॉर्म "दुरुस्त" केला होता. ओरॅकल म्हणजे १५२१, म्हणून १५२१ उघडून दिलं होतं. त्या पोर्टवर त्या सर्व्हरवर ऐकणारं कुणीच नव्हतं. शेरा वाचायची त्यांच्याकडे पद्धतच नसावी.

पुन्हा फॉर्म. या वेळी तो दुसऱ्या माणसाकडे गेला आणि त्याने उत्पादकाचं नाव पकडलं. त्यांच्या मालमत्ता नोंदवहीत युनिव्हर्सपुढे आयबीएम लिहिलेलं, आयबीएमच्या आताच्या यादीत युनिव्हर्स नाही, म्हणजे हे सॉफ्टवेअर बेवारस, म्हणून नामंजूर. मग मी वंशावळ लिहून पाठवली : व्हीमार्कचं युनिव्हर्स, १९९८ मध्ये युनिडेटाशी विलीन होऊन आर्डेंट, २००० मध्ये आर्डेंट इन्फॉर्मिक्सकडे, २००१ मध्ये इन्फॉर्मिक्सचा डेटाबेस धंदा आयबीएमकडे, २००९ मध्ये आयबीएमकडून रॉकेट सॉफ्टवेअरकडे. सातबाऱ्यावरचे फेरफार काढून द्यावेत तसं. तिथल्या खरेदी विभागाने चालू देखभाल कराराची प्रत जोडली तेव्हा हा मुद्दा मिटला. तुमचं असं काम असेल तर ही प्रत आधीच मागून ठेवा.

त्यात वेळेची गंमत. डेस्कची शंका यायची त्यांच्या दुपारी, म्हणजे आमच्या मध्यरात्री. ठरलेल्या वेळात उत्तर गेलं नाही की तिकीट, म्हणजे माझ्या विनंतीची नोंद, आपोआप बंद. मी सकाळी चहा घेऊन बसावं तर तिकीट "विनंतीकर्त्याकडून प्रतिसाद नाही" म्हणून मिटलेलं. नवीन तिकीट, नवीन नंबर, आणि मागचं संभाषण नव्या माणसाला दिसत नाही. शेवटी मी क्लायंटच्याच ऑफिसातल्या एकाला सहविनंतीकर्ता म्हणून घातलं, म्हणजे त्यांच्या दिवसात कुणीतरी "बघतोय" एवढं तरी लिहील. ही युक्ती मला आधी कुणी सांगितली असती तर त्याला मी साखरपेढे दिले असते.

तिसरी अडचण खरी विषयाची होती. फॉर्मला जोडपत्र हवं होतं : टेबलांची आकृती, प्रत्येक टेबलातले कॉलम, त्यातले वैयक्तिक माहितीचे कोणते. इथे टेबलं नाहीत, हे मी लिहिलं. उत्तर : "टेबलांशिवाय डेटाबेस असू शकत नाही."

आमच्याकडे वालचंद कॉलेजातून नुकताच आलेला एक मुलगा माझ्यासोबत होता. तोही सुरुवातीला हेच म्हणाला होता, "ताई, टेबल नाही म्हणजे डेटा ठेवतात कुठं?" त्याला मी मार्केट यार्डातली हळदीची पट्टी दाखवली. वर शेतकऱ्याचं नाव एकदा. खाली लॉटनुसार पोत्यांचा आकडा, त्याच्याशेजारी वजन, त्याच्याशेजारी दर, शेवटी हमाली, तोलाई वजा. सगळं एका कागदावर. युनिव्हर्सचं मल्टिव्हॅल्यू, म्हणजे एका जागी अनेक किमती ठेवणारं, रेकॉर्ड असंच. एका ऑर्डरच्या एका रेकॉर्डमध्ये एका फील्डात सगळे पार्ट कोड, दुसऱ्यात सगळ्या संख्या, तिसऱ्यात सगळे दर, आणि पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी जोडलेला. टेबलं वापरणारे एसक्यूएलवाले हीच पट्टी फाडून दोन वह्यांत चिकटवतात. पोराला पटलं. डेस्कला हळदीची पट्टी पाठवून उपयोग नव्हता.

उपाय निघाला तो डिक्शनरीतून. युनिव्हर्समध्ये रेकॉर्ड फाइलींत असतात, प्रत्येक फाइलला स्वतःची डिक्शनरी, म्हणजे फील्डांची वर्णनं, असते आणि "लिस्ट डिक्ट" दिलं की फील्डचं नाव, क्रमांक, रूपांतराचा कोड, मथळा, छापायची रुंदी, एकच किंमत की अनेक, आणि कुठल्या गटात, हे सगळं समोर येतं. मी ऑर्डर आणि ग्राहक या दोन फाइलींचं लिस्ट डिक्ट काढलं, वैयक्तिक माहितीच्या फील्डांपुढे खूण केली आणि "आकृती" म्हणून जोडलं. त्यासोबत क्लायंटकडचे निवृत्तीला आलेले एक प्रोग्रामर गृहस्थ फोनवर आले. डेस्कवाल्याला ते म्हणाले की तुझा पगार ज्या सिस्टिमवर निघतो ती हीच आहे. त्यानंतर ३१४३८ उघडलं. पायथनच्या खिडकीत पहिला ऑर्डर नंबर उमटला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी बघितला.

आता कामाच्या गोष्टी, आठवतील तशा.

यूओपाय ही रॉकेटची पायथन लायब्ररी पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने बसते. जोडताना सर्व्हिसचं नाव युनिव्हर्ससाठी यूव्हीसीएस, युनिडेटासाठी यूडीसीएस. काम झालं की सत्र बंद करा. उघडं राहिलेलं सत्र लायसन्सची एक जागा अडवून बसतं आणि सकाळी काउंटरवरच्या माणसाला लॉगिन मिळत नाही. तो शिव्या तुम्हालाच घालणार. तसंच कुलुपांचं. रीडयू या कुलूप लावून वाचणाऱ्या आज्ञेने वाचलेलं रेकॉर्ड लिहीपर्यंत किंवा सोडेपर्यंत बंद राहतं. नुसतं वाचायचं असेल तर कुलूप लावूच नका. कुठलं अडकलंय ते लिस्ट डॉट रीडयू सांगतं.

तारखा. इथे तारीख म्हणजे एक आकडा आणि शून्य म्हणजे ३१ डिसेंबर १९६७. पायथनमध्ये त्या तारखेत तेवढे दिवस मिळवले की झालं. १ जानेवारी २०२५ म्हणजे २०८२१. हाच आकडा रूपांतर न करता एक्सेलमध्ये नेऊन तारखेचा फॉरमॅट दिला तर १ जानेवारी १९५७ दिसतो, बरोबर ६८ वर्षं मागे. क्लायंटच्या रिपोर्टवाल्यांकडून "तुमच्या ऑर्डरी १९५७ मधल्या आहेत" अशी मेल आली. फरक ६८ वर्षांचा आहे हे बघितल्या बघितल्या मी कारण सांगितलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

पैशांनाही तसंच. दशांश चिन्ह साठवत नाहीत. १२५५० म्हणजे १२५.५०, आणि ते डिक्शनरीतल्या एमडी२ या कोडवरून कळतं. अंदाजाने शंभरने भागू नका, कुठे एमडी४ निघेल.

रिकाम्या जागा टाकून देऊ नका, हे सर्वात महत्त्वाचं, आधी लिहायला हवं होतं. व्हॅल्यू वेगळ्या करणारी खूण पडद्यावर उलट्या चौकटी कंसासारखी दाखवतात. समजा पार्ट आहेत पी१००]पी२०५]पी३१० आणि सवलत आहे ५००]]२५०. मधल्या पार्टला सवलत नाही, म्हणून तिथे काहीच नाही, पण जागा आहे. पायथनची सवय म्हणून कुणी रिकामे तुकडे गाळले की पी३१० ची सवलत पी२०५ ला मिळते. प्रोग्राम काही बोलत नाही, बिल चुकतं. माझ्यासोबतच्या त्या वालचंदच्या मुलाने सवयीने तसं गाळण लावलं होतं, ते चाचणीतच पकडलं.

सर्व्हरवरची फाइल थेट बाइट म्हणून वाचत असाल तर आणखी एक. फील्डची खूण २५४, व्हॅल्यूची २५३, सबव्हॅल्यूची २५२ हे बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत हे बाइट कधीच येत नाहीत, त्यामुळे पायथन पहिल्याच खुणेला "इनव्हॅलिड स्टार्ट बाइट" म्हणून बसतं. लॅटिन-१ या जुन्या पद्धतीने वाचा, मग तोडा.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट लावायला सोपं आहे. बेसिक भाषेतल्या प्रोग्रामांची बीपी ही युनिव्हर्समध्ये डिरेक्टरी असते, प्रत्येक प्रोग्राम साधी टेक्स्ट फाइल. फक्त बीपी डॉट ओ, म्हणजे कंपाइल झालेला माल, गिटच्या बाहेर ठेवा. व्हीएस कोड या एडिटरसाठी एमव्ही (मल्टिव्हॅल्यू) बेसिकची एक्स्टेन्शन्स आहेत, त्याने रंगसंगती आणि चुका दिसतात. तिथले जुने गृहस्थ अजून लाइन एडिटरवर काम करतात आणि माझ्याहून वेगात करतात, तेव्हा एडिटरवरून वाद घालू नका.

वेबसाइटवाल्यांनी मागितलं होतं की सगळं सपाट करून ओळी ओळी द्या. मी दिलं नाही. रेकॉर्ड जसंच्या तसं जेसन या वेबवरच्या डेटा-स्वरूपात जातं, ऑर्डर आणि तिच्या आत ओळींची यादी, आणि त्यांच्या जावास्क्रिप्टला नेमकं तेच हवं असतं. कुणाला टेबलंच हवी असतील तर युनिव्हर्सचं ओडीबीसी, म्हणजे एसक्यूएलने विचारायची जोडणी, आहे. डिक्शनरीत गट नीट बांधलेला असेल तर तो वेगळ्या टेबलासारखा दिसतो. सराव घरी करायचा असेल तर लिनक्सवर स्कार्लेटडीएमई हा युनिव्हर्ससारखाच डेटाबेस टाका. ओपनक्यूएमच्या मुक्त आवृत्तीवरून आलेलं आहे, फुकट आहे, आणि त्यासाठी कुणाचा फॉर्म भरावा लागत नाही.

फॉर्मवरून आठवलं. त्या डेस्कची मंजुरी फाइलीच्या नावानिशी असते, गोदामाची फाइल लागली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पहिल्याच फॉर्ममध्ये पुढे लागू शकतील अशा सगळ्या फाइलींचं लिस्ट डिक्ट जोडून टाका.