मामींचा लॅपटॉप रीसेट का होत नव्हता

गिरगावच्या मामींचा लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा कंपनीचा लोगो उमटत असे, त्याखालचे ठिपके दहा-बारा मिनिटे गोल फिरत राहत आणि शेवटी निळा पडदा येऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. रिकव्हरीच्या मेन्यूतून ‘रीसेट धिस पीसी’, म्हणजे विंडोज नव्याने बसवण्याचा पर्याय, दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा अडचण आल्याचे आणि कोणताही बदल केला नसल्याचे सांगून ते थांबले. मदरबोर्ड गेल्याचे मामींना एका दुकानात सांगण्यात आले होते, पण लोगो उमटतो, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरता येते आणि कीबोर्ड चालतो, तेव्हा बोर्डावर संशय घेण्यास मला कारण दिसेना. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला. रॅम निर्दोष निघाली.

दुसऱ्या दिवशी लिनक्स मिंट या विंडोजला पर्यायी असलेल्या मोफत प्रणालीच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून, डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने ती तपासली आणि उत्तर समोर आले. ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे डिस्कला वाचता न आलेल्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या जागा, 312 होत्या. रीसेटचे कोडेही येथेच सुटते. नेहमीचा रीसेट नव्या विंडोजसाठी लागणाऱ्या फायली त्याच डिस्कवरून उचलतो, त्यामुळे त्या फायलींखालची जागाच खराब असेल तर तो पुरा होणे शक्य नाही. क्लाउड डाउनलोडचा पर्याय फायली बाहेरून आणतो खरा, पण त्या उतरवतो याच डिस्कवर.

अशा वेळी चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क-दुरुस्तीचे साधन चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो घातक वाटतो, कारण मरणाला टेकलेली डिस्क दुरुस्तीच्या नावाखाली तासन्‌तास राबवली जाते आणि शिवाय तिच्यावर लिहिलेही जाते. आधी प्रत काढावी, मग काय ते प्रयोग करावेत. मामींचे म्हणणेही एवढेच होते, “अरे, मामांच्या आरत्यांच्या वहीचे स्कॅन तेवढे वाचव, बाकी गेलं तरी चालेल.”

लॅमिंग्टन रोडवरून 500 जीबीची अडीच इंची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, आणि साटा-यूएसबी केबल आणली. मागचे झाकण उघडताना एका स्क्रूचे डोके दमट हवेने इतके गंजलेले निघाले की त्यावर रबरबँड ठेवून पेचकस दाबावा लागला. जुनी डिस्क केबलला लावून डीडीरेस्क्यू या खराब डिस्कमधून डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने 1 टीबीच्या बाह्य डिस्कवर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, काढायला घेतली. पहिल्या फेरीत तो वाचायला जड जाणाऱ्या जागा ओलांडून पुढे जातो आणि त्यांची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतो, म्हणून मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू करता येते. सुरुवातीला सेकंदाला 80 एमबीच्या आसपास असलेला वेग मध्येच शून्यावर येई. डिस्कवर हात ठेवला की आतले वाचणारे हेड परत जागेवर जाऊन पुन्हा प्रयत्न करत असल्याचा बारीक ठोका तळव्याला जाणवे. दर ठोक्याला माझ्या पोटात गोळा येत होता. मोठा भाग तीन तासांत उतरला, उरलेल्या मूठभर जागांसाठी मात्र तीन फेऱ्यांत अख्खी रात्र गेली.

शेवटपर्यंत न वाचता आलेल्या जागी इमेजच्या प्रतीत एक ठराविक खूण भरली आणि ती कोणकोणत्या फायलींत सापडते ते शोधले. बहुतेक विंडोजच्याच फोल्डरात निघाल्या, म्हणजे रीसेटचा तर्क खरा ठरला. मामींचे दोन फोटो गेले. वहीचे स्कॅन मात्र सर्व पाने उघडून पाहिले, ते शाबूत आहेत.

या लॅपटॉपचा पाचव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अटींत बसत नाही आणि विंडोज 10 चे नियमित अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले, म्हणून मामींना विचारून एसएसडीवर लिनक्स मिंटच बसवले. त्यांच्या सवयीचा मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण मांडणीचा, कीबोर्डही लावून दिला आहे. येत्या रविवारी लॅपटॉप गिरगावात पोहोचवायचा आहे; जुनी डिस्क मात्र इमेजची दुसरी प्रत होईपर्यंत माझ्या खणातच राहील.