पाच तोळ्याचं गंठण

सहकारी बँकेत सोनेतारणच्या टेबलवर बसून मला नऊ वर्षं झाली, पण गेल्या नोव्हेंबरमधली ती दुपार काही डोक्यातनं जात नाही.

नवराबायको आलेली, लग्नाला सहाच महिने झालेले. मुलगा कंपनीत, हातात 31 हजार. लग्नासाठी 6 लाखांचं पर्सनल लोन काढलेलं, 14 टक्के, 5 वर्षं, म्हणजे महिन्याला 14 हजाराला चाळीसच कमी. अर्धा पगार इथंच गेला की! कशाला एवढं असं विचारलं तर म्हणाला हॉल, 900 पानं, ड्रोन, वरात, आणि पाहुण्यांचे आहेर, ते तर धरलेच नव्हते. पण पोरगी हिशोबी होती. ती म्हणाली सर, माझं गंठण पडूनच आहे, तुमचा व्याजदर दहाच्या आत, ते ठेवून तिकडचं जमेल तेवढं भागवतो. अगदी बरोबर विचार होता, खरं सांगतो. तेव्हा भाव तोळ्याला सव्वा लाखाच्या आसपास, किमतीच्या 75 टक्के धरले तरी चारेक लाख मिळाले असते.

आमचे सोनार काका. गंठण हातात घेतल्या घेतल्याच त्यांचा चेहरा बदलला. हॉलमार्क शोधला, नाही. कसोटीवर घासलं, मग मला म्हणाले साहेब जरा इकडं या, कानस मारू का विचारा. ती हो म्हणाली. कडीजवळ बारीक कानस मारून ॲसिडचा थेंब टाकला, हिरवा फेस आला. आतनं तांबं. एक ग्रॅमवालं, वरनं नुसता सोन्याचा मुलामा.

मुलानं तिथूनच वडिलांना फोन लावला. स्पीकरवर नव्हता पण म्हातारा मोठ्यानं बोलत होता, शेजारच्या टेबलवर पण ऐकू गेलं. "बैठकीत पाच तोळं कबूल केलं हुतं रं, आन एप्रिलात भाव लाखाला टेकला. मजुरी, जीएसटी धरून पाच लाख कुठनं आणू? चार पाहुण्यांत काय म्हणून सांगणार हुतो? पुढं करू म्हणलं." मुलगा नुसता हं हं करत होता, कान लालबुंद झालेले.

मला वाटलं आता ही भडकणार. नाही. तिनं गंठण रुमालात बांधलं आणि विचारलं, व्हॅल्युएशनचे किती द्यायचे? मी म्हटलं राहू द्या.

तिच्या हातात पाटल्या होत्या, माहेरच्या. काकांचं लक्ष गेलं, त्यांनी चांगल्या मनानंच विचारलं, बाळ, त्यावर पण होईल थोडंफार, बघू का?

तिनं पाटल्यांकडं बघितलं. मग हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "नको काका, त्या राहू देत."