बर्फाच्या धारेवर एकट्याने

हिवाळ्यात एकट्याने निघायचं तर निम्मे निर्णय मी आदल्या रात्रीच उरकून टाकतो. वर थंडी-वाऱ्यात डोकं धड चालत नाही आणि ‘पुरे, फिरू या’ म्हणायला सोबत कुणी नसतं. मार्ग घरी लिहून दिला होता. दुपारी एक वाजला की माथा समोर दिसत असला तरी मागे फिरायचं, हेही ठरलेलं. हिमस्खलनाचा इशारा वाचला. बर्फ घसरतो तो बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर, म्हणून बाजूच्या घळी वगळून बोडक्या सोंडेनेच चढायचं होतं.

अंधारातच निघालो. अंगावर कपडे मुद्दाम कमी, पहिली दहा मिनिटं कुडकुडायला होईल इतकेच. चढावर घामाने आतला थर भिजला तर पुढे वाऱ्यात तोच गारठवतो. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी, कारण पाणी वरून गोठत येतं. उलटी ठेवली की झाकण अडकत नाही. सोंड संपायच्या आत क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे धातूचे दात, चढवले. निसरडं सुरू झाल्यावर ते बांधत बसणं म्हणजे कसरतच.

धारेवर खरी भीती कॉर्निसची. वारा बर्फ उडवून आडोशाच्या बाजूला साठवतो आणि कड्याबाहेर त्याचा सज्जा तयार होतो. वरून ती जागा सपाट, रुंद, चालायला सगळ्यात सोपी दिसते. खाली मात्र आधार नसतो, आणि तुटते तेव्हा नुसतं टोक जात नाही. भेग बरीच आत पडू शकते. मी वाऱ्याच्या बाजूने, माथ्याच्या बराच खालून तिरका चालत राहिलो. घोटे भरून आले. कुणाच्या तरी पाऊलखुणा थेट काठावरून गेल्या होत्या. तो माणूस पार झाला असेलही, पण त्यानंतर ऊन-वाऱ्याने त्या बर्फाचं काय केलं हे खुणा थोडंच सांगतात!

साडेबाराच्या सुमाराला ढगात शिरलो. सगळं पांढरं; चढ की उतार तेही कळेना. होकायंत्रावर दिशा धरली आणि बर्फाचे गोळे करून पुढे टाकू लागलो. गोळा पडलेला दिसला की तिथपर्यंत जायचं. एक गोळा पडलेला दिसलाच नाही. तिथून आणखी डावीकडे, काठापासून दूर सरकलो, पण वेग इतका मंदावला की एकपर्यंत माथा शक्यच नव्हता. घड्याळ बघून वळलो. वाईट वाटलं, पण घासाघीस करावी लागली नाही.

उतरताना ढगाखाली बर्फ मऊ झाला होता. क्रॅम्पॉनखाली त्याचे गोळे चिकटतात आणि दात टेकतच नाहीत, म्हणून दर चार पावलांनी आइस अ‍ॅक्सच्या दांड्याने बूट ठोकत आलो. झाडी लागल्यावर आतल्या खिशातला फोन काढला. तिथे ऊब असते म्हणून बॅटरी टिकली होती. ‘खाली आलो’ एवढाच निरोप पाठवला आणि क्रॅम्पॉन सोडायला बसलो.