आमची वाटचाल : अण्णांचं मेडिकल

चिपळूणच्या बाजारपेठेत आमच्या दुकानाला नावाची पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. "अण्णांच्या मेडिकलात" म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी पत्ता तोच.

सुरुवातीला ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मिक्श्चरसाठी बाटली पेशंटने घरूनच आणायची आणि अण्णांनी तिच्यावर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची. पुढे स्वतःचं दुकान टाकलं. वर्ष भरायच्या आत, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला आणि फळीवरच्या काचेच्या बाटल्या खाली आल्या. आई सांगायची, आठवडाभर दुकानाला ओव्याच्या अर्काचा वास येत होता.

मी काउंटरवर उभा राहायला लागलो तेव्हा पहिला ओरडा खाल्ला तो कात्रीवरून. चार गोळ्या हव्या होत्या, मी स्ट्रिप कशीही कापून दिली. अण्णांनी ती परत घेतली. ज्या टोकाला एक्सपायरी छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राखायचं, कापायचं दुसरीकडून. आणि गिऱ्हाइकाच्या पुडीवर ती तारीख पेनाने लिहायची. आजही आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला आधी हेच शिकवतो.

चिपळूणजवळच्या दसपटी भागातल्या म्हाताऱ्यांकडे घड्याळ नसायचं. त्यांना अण्णा सांगायचे, "सकाळची गाडी गेली की एक, वस्तीची गाडी आली की दुसरी." एस.टी. उशिरा आली तर? असं मी विचारलंही होतं. म्हणाले, "गोळीपण उशिरा. एवढं चालतं." मात्र मधुमेहाच्या गोळीला गाडी नाही, जेवण. तिथे ते दोनदा वदवून घ्यायचे.

उधारी भरपूर. मुंबईहून मनीऑर्डर आली की लोक पैसे आणून द्यायचे, नाहीतर चाकरमानी गणपतीला आला की. धंदा म्हणून हे काही शहाणपणाचं नव्हतं, आणि मी ते बोलूनही दाखवायचो. माझं खरं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्याला अण्णा सरळ परत पाठवत आणि तो चार दुकानं सोडून तेच घेऊन जाई. काही औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवणं २०१४ पासून सक्तीचं झालं. त्यात पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं. आम्हाला ते जड गेलं नाही, गिऱ्हाईक आधीच गमावून झालं होतं.

२६ जुलै २००५ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. ओसरल्यावर मी वरून कोरड्या दिसणाऱ्या स्ट्रिप्स पुसून वेगळ्या काढत होतो. अण्णा म्हणाले, "आत पाणी गेलं नाही हे तुला कोणी सांगितलं?" मग स्टूल घेऊन बसले आणि एकेक स्ट्रिप गोळ्यांसकट मधोमध कापत गेले. कचऱ्यातून उचलून कोणी घेऊ नये म्हणून. दोन दिवस लागले. उधारीची वहीही त्यातच गेली. बरेच जण आपणहून आले. जे आले नाहीत त्यांची नावं अण्णांना पाठ होती, पण आम्हाला सांगितली नाहीत.

२२ जुलै २०२१ चा पूर त्याहून मोठा. इन्शुलिन, लसी रात्रीच माळ्यावर नेल्या होत्या. माळाही बुडाला. विम्याचे पैसे आले ते निम्म्याहून कमी, तेही कागद पुरवून दमल्यावर. एवढा माल कापत बसणं शक्य नव्हतं, म्हणून नष्ट करायला नेणारा डंपर भरून निघेपर्यंत मी ढिगापाशी उभा राहिलो.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा गुडघाभर चिखल माखलेले लोक लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या भीतीने डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक मागत होते. आरोग्य खात्याचं पथक माणसाला तपासून त्याच गोळ्या फुकट देत होतं. मी म्हटलं, तिथे जा, नाहीतर चिठ्ठी आणा.

"अण्णांचाच तू," एक जण वैतागून म्हणाला आणि पथक कुठे बसलंय ते विचारून निघून गेला.