तबलजीचे हात आणि माझे पन्नास हजार

"अरे, माझे हात कुठे गेले?" मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून तबलजीने विचारलं. फोटोत त्याचा चेहरा होता, डग्गा होता, झब्ब्यावरची नक्षीसुद्धा ओळखू येत होती. हातांच्या जागी मात्र गिरणीत पीठ उडावं तसा पांढुरका धुरळा.

पुण्यात आमच्या भागातल्या संगीत मंडळाच्या मासिक बैठकीचे फोटो मी दोनेक वर्षं काढत होतो. हौसेने, फुकट. कॅमेरा कॅनन १३००डी आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची झूम लेन्स. सहलीला, बारशाला उत्तम. पण शंभर खुर्च्यांचं सभागृह, वर दोन मंद पिवळे दिवे, कडेला एक जांभळा एलईडी, असा मामला असला की त्याची दमछाक व्हायची. घरी येऊन त्या फोटोची माहिती उघडली. आयएसओ (म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४००, एफ (लेन्सच्या भोकाचं माप) ५.६, शटर १/२५ सेकंद. द्रुत तीनतालात सेकंदाच्या पंचविसाव्या भागात हात डग्ग्यावर पडून परत वरही जातो. धुरळा होणार नाही तर काय!

नवीन कॅमेऱ्यासाठी पन्नास हजार बाजूला काढायचे ठरले. घरी ते मान्य व्हायला लागलेला वेळ इथे धरत नाही. पुढचे दोन महिने मी रोज रात्री आयएसओच्या तुलना बघत बसलो. कुठला कॅमेरा १२८००ला किती दाणेदार, कुठला २५६००ला. तक्ते पाठ झाले. शेवटी लग्नाचे फोटो काढणारा एक मित्र वैतागून म्हणाला, "तू आधी पन्नासची लेन्स लावून बघ. मग बोल."

५० एमएम, एफ १.८. वापरलेली सहा हजारांत मिळाली. एफचा आकडा लहान म्हणजे भोक मोठं, हे मला माहीत होतं. हिशोब मात्र कधी केला नव्हता. ५.६ भागिले १.८, आणि येईल त्याचा वर्ग. उत्तर जवळजवळ दहा. दहापट उजेड! म्हणजे त्याच सभागृहात, त्याच ६४०० आयएसओला, १/२५च्या जागी १/२५०. कॅमेरा न बदलता. इतके दिवस मी कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरला दोष देत होतो आणि खरा कंजूष होता तो लेन्सचा डोळा.

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. ज्याच्याकडे दहा हजारच आहेत त्याने तिथेच थांबावं.

मला दोन गोष्टी छळत राहिल्या. एक फोकस. गायिका बाजूच्या अंधाऱ्या कडेला झुकली की लेन्स पुढे-मागे घुर्रर्र करत चाचपडायची, आणि ती चाचपडेपर्यंत जागा घेऊन झालेली असायची. दुसरी गोष्ट आवाज. विलंबित ख्याल नुकता सुरू झाला होता, तानपुऱ्यांखेरीज सभागृहात काही ऐकू येत नव्हतं, आणि मी 'खटॅक' केलं. पुढच्या रांगेतल्या आजी पूर्ण वळल्या. "अहो, ते जरा थांबवता का?" मी उरलेला ख्याल कॅमेरा मांडीवर ठेवून ऐकला. गायिका छान गायली.

आवाजावर उपाय म्हणून एकाचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा दोन दिवस आणला. इलेक्ट्रॉनिक शटर, अजिबात आवाज नाही. मी खुशीत दोनशे फोटो काढले. घरी बघतो तर गायिकेच्या पांढऱ्या साडीवर आडवे पट्टे, जाजमावर असतात तसे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. मंद केलेल्या एलईडीची लुकलुक तर त्याहून वेगळ्याच गतीची असते. आपल्या डोळ्यांना ती कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वरून खाली वाचत जातं, त्यामुळे काही ओळी उजेडात सापडतात, काही अंधारात. वेग १/१००वर आणल्यावर पट्टे बरेच कमी झाले, पण मग तबलजीचे हात पुन्हा गायब. आधुनिक महागड्या कॅमेऱ्यांत वाचन इतकं जलद असतं की हा त्रास फारसा होत नाही, पण ते माझ्या पन्नास हजारांत बसणारे नव्हेत.

मग कॅनन ६डी एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेतला. २०१२चा कॅमेरा, वीस मेगापिक्सेल, फोकसचे फक्त अकरा बिंदू. कागदावर दरिद्रीच. पण त्याचा मधला बिंदू उणे तीन ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप) चालतो, म्हणजे साधारण चांदण्यात. आणि त्यात सायलंट मोड आहे. नाव फसवं आहे, आवाज होतोच, पण 'खटॅक'चं 'चुप्' होतं. त्या रविवारी आजी वळल्या नाहीत. माझं ठरलं.

ठरल्यावर कळलं की गणित इतकं सोपं नाही. ६डीचा सेन्सर मोठा, फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. माझी १८-५५ त्याला बसतच नाही. पन्नासची बसते, पण १३००डीवर जी ८०सारखं जवळचं दाखवायची ती इथे खरी पन्नास होते, आणि गायक अचानक दोन रांगा मागे सरकतो. चेहरा पूर्वीइतका भरायचा तर ८५ एमएम हवी. फुल फ्रेम घ्या म्हणणारे लेन्सचा हा दुसरा खर्च कधी सांगत नाहीत, याचा मला अजून राग आहे.

खरेदीसाठी मुंबईला गेलो, फोर्टमधल्या बोरा बाजारात. सोबत लॅपटॉप, एक कोरा कागद आणि बॅटरी (टॉर्च). ६डीचं शटर किती वेळा उडालं ते फोटोच्या माहितीत नोंदलं जात नाही, कॅमेरा संगणकाला जोडून बघावं लागतं. पहिल्या दुकानात "साहेब, गॅरंटी आहे ना, जोडायचं कशाला?" म्हणाले. तिथून निघालो. दुसऱ्याने आपणहून केबल काढून दिली. आकडा ४१ हजार. या शटरचं अपेक्षित आयुष्य एक लाख. मग भोक एफ १६ला लहान करून कोऱ्या कागदाचा फोटो काढला, सेन्सरवरची धूळ दिसावी म्हणून. दोन ठिपके. पुसले जातील असे.

८५ एफ १.८ मात्र तिसरी घेतली. पहिलीच्या मागून बॅटरी मारून पुढून डोळा लावला, तर आत काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे. बुरशी. मुंबईच्या दमट हवेत हा रोग घरोघरी. दुसरीची भोकाची पाती तेलकट, चिकटत होती. तिसरीचं बाहेरचं पेंट उडालेलं, आत स्वच्छ काच.

हिशोब: पन्नासची सहा हजार, भाडं दोन हजार, कॅमेरा ३३ हजार, ८५ची साडेसोळा. जुना १३००डी त्याच्या लेन्ससकट भाच्याने १२ हजारांना घेतला. म्हणजे हातून गेले साडेपंचेचाळीस.

कॅमेरा आला तरी तीन बैठका वाया गेल्या. मागे काळा पडदा असला की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच काळोखं आहे, आणि तो चेहरा पिठासारखा पांढरा करून ठेवतो. आता मी मध्यंतराआधीच चेहऱ्यावरून हाताने मोजणी पक्की करतो: १/२५०, एफ २.२, आयएसओ ६४००. एफ १.८ला डोळा स्पष्ट आला तर कान विरघळतो. जांभळ्या दिव्यात फोटो रॉमध्येच, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये, नाहीतर गाल निळ्या शाईचे होतात.

आणि सेकंदाला साडेचार फोटो एवढाच त्याचा वेग असल्यामुळे दाबून धरण्यात अर्थ नाही. मी मात्रा मोजतो. तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणाऱ्या तुकड्याचा, तिसरा पल्ला आला की बोट तयार, समेच्या किंचित आधी 'चुप्'. हात वर, भुवया वर, समोरच्या रांगेतून "वा!" गाणं ऐकल्याशिवाय हे जमत नाही. दोन महिन्यांच्या तक्त्यांत ही ओळ कुठेच नव्हती.

परवा तबलजीला नवा फोटो दाखवला. दहाही बोटं मोजता येतात. त्याने तो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. "हात आले रे," तो म्हणाला, "पण तोंड असं का केलंय मी?"